रेल्वेचा दांडगा अनुभव

रेल्वेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. जन्म डोंबिवलीचा, नोकरी फोर्टातल्या बँकेत आणि सासुरवाडी नागपूरची, म्हणजे रोज लोकल आणि मे महिन्यात विदर्भ एक्स्प्रेस, असं माझं अर्धं आयुष्य रुळांवरच गेलेलं. चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, बॅग साखळीने सीटखाली बांधून वर निर्धास्त घोरणं, गाडी सुटायला दोन तास असताना फलाटावर हजर होऊन 'अजून लागली कशी नाही' म्हणून तक्रार करणं, डबा उघडताच समोरच्या कुटुंबाची तीन पिढ्यांची माहिती काढणं, या विद्यांमध्ये माझा हात धरणारा आमच्या सोसायटीत कोणी नाही. तेव्हा स्टॉकहोमच्या पुतणीने "काका, वसंत ऋतूत या, छान असतं, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे तिन्ही देश ट्रेननेच करा, स्वस्तात होईल" असं फोनवर सांगितलं, तेव्हा मला 'स्वस्तात' आणि 'ट्रेन' हे दोनच शब्द ऐकू आले. 'वसंत' हा तिसरा शब्द सौ.ने ऐकला आणि बॅगेत माझे अर्ध्या बाह्यांचे सगळे शर्ट भरले.

तिकिटांचं सांगतो. तिकडे गाडीचं भाडं विमानासारखं वरखाली होतं. महिना-दोन महिने आधी घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, मात्र ते त्याच गाडीचं, त्याच दिवसाचं, आणि रद्द केलं तर पैशांवर पाणी. सगळ्या गाड्यांना चालणारा पासही मिळतो, पण स्वीडनच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या बर्थला पासावर पुन्हा आरक्षणाचे पैसे मोजावे लागतात. हे वाचून मी पासाचा नाद सोडला आणि सुटी तिकिटं काढायला बसलो. तात्काळची सवय असलेला माणूस मी. दोन फोन, एक लॅपटॉप, शेजारच्या मुलाला मदतीला बोलावलेलं, कार्डाचा नंबर पाठ, असा सगळा जामानिमा करून बटण दाबलं तर तिकीट लगेच आलं. पहिल्या फटक्यात. मला वाटलं फसवलं, म्हणून खात्री करायला पुन्हा दाबलं. ते पण आलं. अशा रीतीने स्वस्त तिकिटांचा श्रीगणेशाच दुप्पट भावात झाला, पण तो तपशील सौ.ला मी अजून सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

कोपनहेगनच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून समुद्रापलीकडच्या स्वीडनमधल्या माल्मोला गाड्या जातात आणि त्यात जागा राखून ठेवण्याची भानगड नसते. गाडी फलाटाला लागताना दिसली मात्र, माझ्यातला डोंबिवलीकर जागा झाला. बॅग सौ.कडे सोपवून मी गाडीबरोबर चार पावलं धावलो आणि खिशातला रुमाल नेम धरून खिडकीकडे भिरकावला. तिकडच्या गाड्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. रुमाल काचेवर आपटला, क्षणभर तिथे चिकटल्यासारखा वाटला आणि घरंगळत रुळांवर गेला. आत एक गोरी बाई पुस्तक वाचत बसली होती. तिने वर पाहिलं, मी हसून हात हलवला, तिनेही बिचारीने हात हलवला. आत गेलो तर निम्मा डबा रिकामा. रुमालावाचूनच जागा मिळाली, आणि सर्दी झाली होती नेमकी त्याच दिवशी.

आता ओरेसुंडचा पूल. २००० साली सुरू झालेला हा जोडरस्ता बघायला लोक लांबून येतात: डेन्मार्ककडून आधी समुद्राखालचा सुमारे चार किलोमीटरचा बोगदा, मग पेबरहोल्म नावाचं माणसाने भर घालून केलेलं बेट, आणि तिथून पुढे जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल, वरच्या मजल्यावर मोटारी आणि खालच्या मजल्यावर रेल्वे. ही सगळी माहिती मी विमानातच सौ.ला तोंडपाठ म्हणून दाखवली होती. पण गाडी सुटता सुटता घोषणा झाली की स्वीडनमधल्या पहिल्या स्टेशनावर पोलीस तपासणीला येतील, पासपोर्ट हातात ठेवा. पासपोर्ट हातात येण्यासारखे नव्हते. ते चोरखिशात होते. आमच्या कॉलनीतल्या शिंप्याकडून आतल्या चड्डीला मुद्दाम शिवून घेतलेला, वर चेन, चेनवर बटण, आणि बटणाला सौ.ने सुरक्षेसाठी घातलेले दोन टाके. त्यावर थर्मल, थर्मलवर पँट, पँटवर पट्टा. हा कारभार चारचौघांत उलगडण्यासारखा नसल्यामुळे मी संडासात गेलो. एका हाताने कडी, एका हाताने पँट, तिसऱ्या हाताने टाके उसवायचे, आणि गाडी ताशी भलत्याच वेगाने धावतेय. बोगदा गेला असावा, कारण कानाला दडे बसले. बेट गेलं असावं. बाहेरून सौ. दार ठोठावून "अहो, समुद्र! समुद्र दिसतोय! लवकर या!" असं ओरडत होती. शेवटी दातांनी टाका तोडून मी विजयी मुद्रेने बाहेर आलो तेव्हा गाडी हिली स्टेशनात उभी होती आणि दोन पोलीस शांतपणे माझी वाट पाहत होते. असा तो पूल मी संडासातून पाहिला.

संडासाला खिडकी नव्हती.

पैशांचा एक घोळ इथेच सांगून टाकतो. तिन्ही देशांच्या चलनाचं नाव जवळपास सारखंच, क्रोन, पण तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. डेन्मार्कचा क्रोन साधारण तेरा-चौदा रुपयांच्या घरात, बाकी दोघांचे आठ ते दहाच्या दरम्यान. त्यामुळे देश बदलला की पाढा बदलतो. डेन्मार्कच्या आणि नॉर्वेच्या काही नाण्यांना मधोमध भोक असतं, स्वीडनच्या नाण्यांना नसतं, आणि स्वीडनमध्ये तर नाणी बघायला कोणी तयारच नसतं, सगळं कार्डावर. स्टॉकहोमच्या स्टेशनात स्वच्छतागृहाच्या दाराशी मी मूठभर भोकाची नाणी घेऊन उभा होतो आणि दार कार्ड मागत होतं. कार्ड कुठे? चोरखिशात. वर्तुळ पूर्ण झालं.

पण त्याआधी माल्मोहून स्टॉकहोमला नेणारी गाडी. चार-साडेचार तासांचा प्रवास, सुंदर गाडी, बाहेर तळी आणि बर्चची झाडं, त्यांना नुकती हिरवी लव फुटू लागलेली. मी खूश होतो. पायातले बूट काढून हवाई चप्पल घातली, सौ.ने चिवड्याचा डबा काढला. पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप घातलेला, कुरकुरीत. डब्यात शांतता मात्र दहावीच्या पेपरातली होती. मला वाटलं, लोकांना करमत नाहीये. आपण सुरुवात केली की बोलतील. मी समोरच्या तरुणाला विचारलं, "हाउ फार?" तो दचकला. म्हणाला, "लिंशोपिंग." मी म्हणालो, "जॉब?" त्याने मान हलवली. पगाराकडे वळणार तेवढ्यात नागपूरच्या मेहुणीचा व्हिडिओ कॉल आला. तिला फोनवर लांबचं बोलताना मोठ्याने बोलावं लागतं असं अजून वाटतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटतं. "कुठे पोचलात?" "अगं डेन्मार्क मागे टाकलं!" "थंडी आहे का?" "गारठा आहे गारठा! हे बघ, हा डबा बघ, हे लोक बघ!" असं म्हणत सौ.ने फोन सगळ्या डब्यावरून फिरवला आणि मेहुणीने सगळ्यांना नमस्कार केला. त्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. एकेक जण आवाज न करता उठला, आपली बॅग घेतली आणि पलीकडच्या डब्यात निघून गेला. कोणी एक शब्द बोललं नाही, कपाळाला आठी नाही. अर्ध्या तासात आमच्या आसपासच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मी भारावून गेलो. ज्येष्ठांना ऐसपैस बसता यावं म्हणून इतका विचार करणारी जमात मी आजवर पाहिली नव्हती, असं मी स्टॉकहोमला पुतणीला गहिवरून सांगितलं.

"काका," ती म्हणाली, "दारावर काही चिन्ह होतं का? ओठांवर बोट वगैरे?"

होतं. मला वाटलं होतं, आत लहान मूल झोपलंय.

तर तिकडच्या गाड्यांत असे खास शांततेचे डबे असतात. तिथे फोन नाही, गप्पा नाहीत, आणि चिवड्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नसलं तरी तो तिथे खाणारा इतिहासातला पहिला माणूस मी असणार. पुतणीने पुढच्या सगळ्या तिकिटांवरचा डबा स्वतः तपासला.

स्टॉकहोमात आम्ही पोचलो ते एप्रिलच्या अखेरीस. कुंगस्त्रेदगोर्देन नावाच्या बागेत चेरीच्या झाडांना गुलाबी बहर आला होता, आणि त्या बहराखाली माणसं भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, तोंड सूर्याकडे करून निश्चल बसली होती. उन्हाळा-हिवाळ्याच्या मधला पहिला धड ऊन पडलेला दिवस असला की ती असंच करतात म्हणे. मला वाटलं काहीतरी सामुदायिक साधना चाललीय, म्हणून मीही रांगेत मांडी घालून बसलो आणि हळू आवाजात गायत्री म्हटली. बाजूच्या माणसाने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. चूक मी फक्त त्यानंतर केली. ३० एप्रिलला वसंताच्या स्वागताला तिकडे मोठमोठ्या शेकोट्या पेटवतात, वालबोर्ग म्हणतात त्याला. पुतणी आम्हाला तळ्याकाठी घेऊन गेली. लाकडांचा प्रचंड ढीग, थंडीने दात वाजताहेत, पेटवणारा पुढे झाला, ज्वाळा वर चढल्या. आता समोर एवढी होळी पेटलेली असताना महाराष्ट्रीय माणसाचा हात आपोआप तोंडाकडे जातो की नाही, सांगा तुम्हीच. मी पूर्ण ताकदीनिशी बोंब ठोकली. नेमक्या त्याच क्षणी, ज्वाळांच्या पलीकडे अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या पांढऱ्या टोप्यांच्या गायकवृंदाने वसंताचं एक अतिशय हळुवार गाणं सुरू केलं होतं. पुतणी पुढची दहा मिनिटं आमच्यापासून वीस फुटांवर उभी होती, स्वीडिश बोलत.

खरा कस लागायचा होता तो उत्तरेच्या रात्रगाडीत. स्टॉकहोमहून संध्याकाळी सुटणारी ही गाडी आर्क्टिक वृत्त ओलांडून किरुनामार्गे नॉर्वेतल्या नार्विकला जाते, अठरा-एकोणीस तासांचा प्रवास. आम्हाला त्याच्या जरा अलीकडे, आबिस्कोला उतरायचं होतं; तिथल्या वसतिगृहात दोन खाटा आगाऊ पैसे भरून ठेवल्या होत्या. गाडीत सहा बर्थचे कप्पे असतात, खाली, मध्ये, वर, समोरासमोर. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा प्रदेश माझा होता! दोन तास आधी येऊन फलाटावर कुडकुडत मी डब्यावर लावलेला नावांचा चार्ट शोधला होता, तो कुठेच नव्हता, पण बर्थ पाहिल्यावर सगळं माफ केलं. आमच्या कप्प्यात बर्फात घसरायला निघालेले दोन तगडे तरुण होते आणि विणकाम करणाऱ्या एक आजी. मी सर्वांना नियम समजावून सांगितला: मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा, तोवर सगळ्यांनी खाली बसायचं. आणि, मी ठणकावून सांगितलं, अंधार पडेपर्यंत कोणी झोपायचं नाही. त्या सभ्य माणसांनी मान डोलावली. नऊ वाजले, उजेड. दहा वाजले, आकाश गुलाबी. अकरा वाजता आजींनी विणकाम गुंडाळलं आणि माझ्याकडे पाहिलं. मे महिन्यात तिकडे उत्तरेला गडद अंधार असा होतच नाही, नुसती लांबलचक कातरवेळ असते, हे मला ठाऊक असतं तर मी नियमच वेगळा केला असता. शेवटी तरुणांपैकी एकाने उभ्याउभ्या डुलकी घेतली तेव्हा सौ.ने माझी हुकूमशाही बरखास्त केली.

त्याआधी मी आमची मोठी बॅग साखळीने बर्थच्या शिडीच्या दांड्याला बांधली. जाड पोलादी साखळी, पितळी कुलूप, ठाणे स्टेशनबाहेर घेतलेली. तिच्या जोरावर मी आजवर एक चप्पलसुद्धा गमावली नव्हती. तरुणांनी ती कुतूहलाने पाहिली. त्यांची किमती सामानं दाराशी नुसती टेकून ठेवलेली. मला त्यांची कीव आली.

सकाळी किरुना आलं. तिथल्या लोखंडाच्या खाणीने गावाखालची जमीन पोखरली, म्हणून ते अख्खं गावच बाजूला हलवताहेत. १९१२ साली बांधलेलं तिथलं लाकडी चर्च त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये न मोडता चाकांवर चढवून सुमारे पाच किलोमीटर लांब नेऊन ठेवलं. हे मी सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि तुम्हाला बेडरूममधलं कपाट चार इंच सरकवायला सांगून पाच वर्षं झाली." मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. बाहेर टोर्नेत्रेस्क तलाव होता, म्हणजे असावा, कारण क्षितिजापर्यंत नुसतं पांढरं पठार होतं आणि त्यावरून कोणी स्नोस्कूटर चालवत होतं. मे महिना. वसंत. त्या तलावाचं बर्फ जूनमध्ये वितळतं. बॅगेतल्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टांची मला आठवण झाली, आणि शर्टांवरून बॅगेची, आणि बॅगेवरून आबिस्को पुढचंच स्टेशन असल्याची.

"किल्ली दे," मी म्हणालो.

"तुम्ही रात्री उशाशी ठेवली होती. पडेल कुठेतरी म्हणून मी नीट ठेवली."

"कुठे?"

"बॅगेत."

पुढची चार-पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी साखळी ओढली, शिडी ओढली, एका तरुणाने बॅग ओढली आणि दुसऱ्याने मला. आजी काहीतरी पुटपुटल्या; अख्ख्या प्रवासात त्यांनी आमच्याशी उच्चारलेलं ते दुसरंच वाक्य, पहिलं रात्री त्यांच्या उशीवर सापडलेल्या शेंगदाण्याबद्दल होतं. गाडी आबिस्कोला थांबली. समोर स्टेशन, मागे डोंगर, वसतिगृहाची पाटीसुद्धा दिसत होती. गाडी निघाली. आम्ही दोघं मिळून एका बॅगेला धरून बसलेलो, आणि बॅग गाडीला धरून बसलेली.

अशा तऱ्हेने आमचा नॉर्वे प्रवेश झाला. सरहद्दीनंतर गाडी डोंगराच्या कडेकडेने खाली उतरत जाते आणि डावी-उजवीकडे कुठूनतरी अचानक खोल निळा फ्योर्ड उघडतो. किरुनाचं लोखंड याच मार्गाने नार्विकच्या बंदरात येतं, कारण गल्फ प्रवाहामुळे ते बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. समोरून एक मालगाडी गेली, ६८ वाघिणींची, आणि मी त्या मोजत बसलो, कारण सौ.च्या नजरेला नजर देण्याची हिंमत नव्हती. नार्विकला कंडक्टर हातभर लांबीचा कटर घेऊन आला. त्याने काही विचारलं नाही. शिडी पाहिली, साखळी पाहिली, कुलूप उचलून उलटंसुलटं करून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहून अगदी मृदू आवाजात म्हणाला, "इथे कोणी नेलं नसतं." कट्. साखळीचे दोन्ही तुकडे त्याने मला अदबीने परत दिले. आबिस्कोला परत जायचं तिकीट पुन्हा काढावं लागलं, आणि एका बाकावर बसून मी हिशेब केला, तर ठाण्याला शे-दीडशे रुपयांना घेतलेल्या त्या साखळीने एका दिवसात जे खाल्लं त्यात एक नवी बॅग, आतल्या शर्टांसकट, आली असती.

ऑस्लोला येईपर्यंत मी बराच नरम आलो होतो. आता राहिली होती ऑस्लो ते बर्गन ही गाडी. १९०९ साली सुरू झालेला हा मार्ग जगातल्या सुंदर रेल्वेमार्गांत गणला जातो. त्याचं भाडं रोज चढं दिसत होतं, फक्त एका तारखेला निम्म्याहून कमी. मी झडप घातली. सौ.ला अभिमानाने दाखवलं. "त्याच दिवशी का स्वस्त?" तिने विचारलं. हा प्रश्न मला पडला नव्हता. तारीख १७ मे होती. नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. १८१४ मध्ये त्या दिवशी त्यांची राज्यघटना झाली. त्या दिवशी सगळा देश मिरवणुकीत असतो, गाडीत बसायला मोकळा असतो फक्त माझ्यासारखा.

पहाटे निघायच्या गडबडीत आणखी एक गोष्ट झाली. तिकडे घरात काय नि वसतिगृहात काय, बूट दाराशी काढून ठेवायचे असतात. मी आज्ञाधारकपणे ठेवले होते. पहाटे चप्पल सरकवून, 'लांबचा प्रवास' म्हणून पँटऐवजी नाडीचा पायजमा चढवून, माकडटोपी घालून बॅग ओढत निघालो, आणि गाडी ऑस्लोबाहेर चांगली तासभर गेल्यावर पायांना गार लागायला लागलं. बूट ऑस्लोला. पाय बर्गनच्या गाडीत.

"आज साखळी असती तर बुटांना लावली असतीत," सौ. म्हणाली.

या गाडीचा आणि चोरीचा एक जुना संबंध आहे, तो पुतणीने सांगितला होता. १९२३ साली ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, पाम संडेच्या आदल्या दिवशी, 'आफ्टेनपोस्टेन' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आलं: बर्गनची गाडी रात्रीत लुटली! लोक घाबरून चौकशा करू लागले. प्रत्यक्षात ती दोन तरुणांनी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीची जाहिरात होती, नूर्डाल ग्रीग आणि निल्स ली यांची. तेव्हापासून नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत रहस्यकथा वाचायची टूमच पडली. हे सगळं मी सौ.ला सांगितलं, माझी साखळी किती दूरदृष्टीची होती हे पटवायला. तिने डोळे मिटून घेतले, त्या स्टॉकहोमच्या बागेतल्या माणसाने घेतले होते तसेच.

फिन्से हे या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, १२२२ मीटरवर. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही, फक्त रेल्वे. अंटार्क्टिकाच्या मोहिमेआधी शॅकलटनने आपल्या मोटारी घसरगाड्या इथे येऊन चालवून पाहिल्या, आणि 'स्टार वॉर्स'वाल्यांनी १९७९ मध्ये आपला बर्फाचा ग्रह जवळच्या हिमनदीवर चित्रित केला, यावरून काय ते समजा. गाडी थांबली. आता गाडी मिनिटभराहून जास्त थांबली की खाली उतरायचं, हे माझ्या रक्तात आहे. पाण्याची बाटली भरायची नसली तरी उतरायचं. उतरलो. फलाट झाडून स्वच्छ केलेला होता, तिथे काही वावगं नव्हतं. पण स्टेशनाची उंची लिहिलेली पाटी आणि मागे हिमनदी असा फोटो हवा होता, आणि त्यासाठी फलाटाच्या कडेच्या पांढऱ्या उंचवट्यावर एक पाऊल टाकलं. पाऊल गेलं. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. शिट्टी वाजली. मी पाय उपसला, पाय आला. चप्पल फिन्सेलाच राहिली.

मिरडालला खाली फ्लॉमकडे जाणारी ती प्रसिद्ध छोटी गाडी उभी दिसली, अवघ्या वीस किलोमीटरांत ८६७ मीटरवरून थेट फ्योर्डच्या काठाला उतरणारी. तिचं भाडं मी किलोमीटरमागे काढून पाहिलं होतं आणि लगेच तिच्यावरून नजर काढून घेतली होती. शिवाय एका पायावर मी कुठे उतरणार?

बर्गनला पाऊस होता. तिथे वर्षाला मुंबईइतकाच पाऊस पडतो, फक्त मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन वर्षभर पुरवून पुरवून वापरतं. माझ्या ओल्या पायमोज्यावर सौ.ने किराणा दुकानाची पिवळी प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि तिच्याजवळच्या जादा नाडीने घोट्याशी घट्ट बांधली. "पाच मिनिटांत चपला घेऊ," ती म्हणाली. सगळी दुकानं बंद. चपलांचं बंद, कपड्यांचं बंद, औषधांचं बंद. उघडं होतं ते फक्त गाव, आणि गाव रस्त्यावर होतं. बाया, बापे, पोरं, सगळे त्यांच्या बुनाड नावाच्या पारंपरिक पोशाखात. भरतकामाचे जाड लोकरी घागरे, छातीवर चांदीचे लोंबते आकडे, पुरुषांच्या गुडघ्याखाली विणीचे मोजे, आणि सगळ्यांच्या पायात चांदीच्या बकलांचे चकचकीत काळे बूट. प्रत्येक जिल्ह्याचा बुनाड वेगळा, भरतकामावरून माणूस कुठला ते सांगतात म्हणे, आणि एकमेकांना ते आवर्जून विचारतातही. ढोल बडवत शाळकरी पोरांची पथकं चालली होती, बुएकोर्प्स म्हणतात त्यांना, ही बर्गनचीच खासियत. त्यांच्या मागच्या गर्दीने आम्हाला ओढून घेतलं आणि मी चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आत्याने विणलेला स्वेटर, माकडटोपी, डाव्या पायात हवाई चप्पल आणि उजव्या पायात पिवळी पिशवी अशा अवतारात, दर पावलाला चप्प आणि खर्र असा ताल धरत, नॉर्वेच्या मिरवणुकीत चालू लागलो. एका मुलीने माझ्या हातात छोटा झेंडा दिला. लोक हात हलवत होते. मीही हलवत होतो.

एका चौकात मिरवणूक अडली तेव्हा शेजारच्या आजींनी मला टोपीपासून पिशवीपर्यंत लक्षपूर्वक न्याहाळलं. पिशवीची नाडी कशी बांधलीय हे त्यांनी वाकून पाहिलं. मग सौ.कडे वळून, चांगल्या इंग्रजीत, खऱ्याखुऱ्या आदराने विचारलं, "हा पोशाख कुठल्या भागातला?"

"डोंबिवली," सौ. म्हणाली. "ईस्ट."